ठाण्याच्या उकाड्यात हॅमस्टरची काळजी

घोडबंदर रस्त्यालगतच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर भिंतीसुद्धा तापतात आणि साधारण १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवणाऱ्या हॅमस्टरसाठी हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून पिंजरा बाल्कनीत न ठेवता घरातील सर्वांत गार खोलीत ठेवावा आणि आत एक सिरॅमिकची लादी ठेवावी, म्हणजे तो तिच्यावर पोट टेकवून सपाट पसरतो. तो निपचित पडून भराभर श्वास घेऊ लागल्यास त्याला पाण्यात बुडवू नये. गार जागी हलवून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

बीळ खोदणे ही त्याची गरजच असल्याने तळाशी कागदी बेडिंगचा किमान २० सेंटिमीटर जाड थर द्यावा. गालांच्या पिशव्यांत भरून आणलेले दाणे तो कोपऱ्यात साठवतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, त्यामुळे हा साठा वरचेवर तपासावा, मात्र चांगले दाणे जागच्या जागी राहू द्यावेत. सीरियन हॅमस्टर एका पिंजऱ्यात एकच ठेवावा, कारण दोघे एकमेकांना गंभीर जखमी करतात. दिवसा त्याला झोपेतून उठवणे, विशेषतः मुलांच्या हौसेखातर, मला अन्यायाचे वाटते.