वाकड्या पायाचं, वाकड्या चोचीचं पिल्लू निघालं तर काय करायचं

रवणीला, म्हणजे उबवायला, बसवलेली कोंबडीची अंडी २१व्या दिवशी फुटायला लागली की घरातले सगळे खुराड्याभोवती गोळा होतात, आणि त्यात एखादं पिल्लू पाय फाकवून पडलेलं दिसलं की लगेच एकजण म्हणतो टाकून द्या ते काही जगत नाही, दुसरा म्हणतो राहू द्या, त्याचं नशीब. मला दोन्ही पटत नाही. पिल्लू नीट बघायचं, मग ठरवायचं.

पहिला दिवस थांबा. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू ओलं असतं, लडबडतं, मान टाकतं, ते व्यंग नव्हे. पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस सहज काढतं, त्यामुळे खात नाही म्हणून लगेच घाबरायचं नाही. फक्त ऊब कमी पडू देऊ नका, पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश लागतं.

अंग वाळून पिसं फुलली की त्याला गोणपाटावर ठेवा, गुळगुळीत फरशीवर नको. उभं राहायची धडपड करतंय का बघा, चोच पाण्यात टेकवली तर गिळतंय का, कणी टाकली तर टिपतंय का. धडपडतंय आणि पाणी पितंय, तर माझ्या मते त्याला संधी द्यायलाच पाहिजे.

पाय फाकलेलं पिल्लू सगळ्यात जास्त वेळा बघायला मिळतं आणि बरंही तेच सगळ्यात सोपं होतं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत हात लावला तरच, कारण हाडं तेवढ्यापुरतीच मऊ असतात. माझ्याकडे गेल्या वर्षी एक असंच झालं, मी खोक्यात पेपर अंथरला होता, त्यावर पाय घसरून घसरून पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला गेले, चूक माझीच होती आणि अजून वाईट वाटतं. बँडेडची पट्टी उभी चिरून अर्धी केली, गादीचा भाग दोन पायांच्या मधे आणि चिकट टोकं एकेका नळीला गुंडाळली, मधे साधारण दोन सेंटीमीटर अंतर, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली आले. पहिले दोन तास ते सारखं तोंडावर पडत होतं, मग कापडाच्या दोन गुंडाळ्यांच्या मधे बसवलं आणि झाकणात खडे टाकून त्यात पाणी दिलं, नाहीतर असं पिल्लू पाण्यात पडून मरतं. रोज पट्टी बदलायची, बोटं सुजली किंवा निळी पडली तर लगेच सैल करायची. चौथ्या दिवशी काढली तर ते बाकीच्यांबरोबर पळत होतं.

बोटं आत मुडपलेली असतील तर पुठ्ठ्याचा छोटा तुकडा तळपायाखाली धरून बोटं त्यावर पसरवायची आणि चिकटपट्टीने बांधायची. याला बऱ्याचदा बी-२ जीवनसत्त्व कमी पडणं कारण असतं, म्हणून कोंबड्यांचं बी-कॉम्प्लेक्स बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातून द्या, आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला नुसत्या दाण्यावर ठेवू नका.

कात्रीसारखी चोच सुरुवातीला फारशी दिसत नाही, वाढत जाते. भरडा भिजवून खोल वाटीत दिला तर असं पिल्लू वाढू शकतं, टोक वाढलं की नखाच्या कानशीने घासायचं. मात्र दोष पिढीतून आलेला असू शकतो, त्यामुळे त्याची अंडी रवणीला ठेवायची नाहीत.

बेंबीतून थोडा बलक बाहेर असेल तर ओढू नका, पोव्हिडोन आयोडीन लावून स्वच्छ कापडावर वेगळं ठेवा, कधी कधी तो आत जातो. आतडं बाहेर असेल किंवा डोक्याची कवटीच बंद झालेली नसेल तर ते जगणार नाही. गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजून त्यावरची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बाजूला सरकली असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा, फार दुखतं ते.

प्रयत्न करूनही खात नाही, सारखं कण्हतंय, बाकीची त्याला टोचतायत, तर दोन-तीन दिवसांनी निर्णय घ्या, पुढे लांबवणं म्हणजे त्याचे हाल. पाण्यात बुडवणं, फ्रीजरमध्ये टाकणं, कावळ्या-कुत्र्यांसाठी बाहेर सोडणं, यातलं काहीही करू नका. पशुवैद्यकाकडे न्या, नाहीतर ज्याला एका झटक्यात मानेचा मणका सोडवता येतो अशा माणसालाच बोलवा, स्वतः पहिल्यांदा करून बघायची ही गोष्ट नाही. मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

आणखी एक, दीड-दोन महिन्यांच्या तलंगीचा (वाढत्या कोंबडीचा) एक पाय पुढे एक मागे गेला किंवा मान पिळली तर ते जन्मजात व्यंग समजू नका, मरेक्स (विषाणूमुळे येणारा लकवा) किंवा मानमोडी (राणीखेत) असू शकते. लगेच वेगळी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

एका खेपेत एखादं पिल्लू असं निघू शकतं. तीन-चार निघाली आणि अंडी मशीनमध्ये उबवली असतील तर मशीनचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने तपासा, पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश पाहिजे, १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवली गेली का ते आठवा, आणि कोणत्या कोंबडीची कोणती अंडी ते पुढच्या खेपेपासून पेन्सिलने अंड्यावरच लिहा.