तलावाचे पाणी: क्लोरीन हवे, त्याची उपउत्पादने कशी कमी करावीत

तलावात पालापाचोळा कुजतो, शेवाळ मरते आणि त्यांचा अर्क पाण्यात उतरतो. अशा पाण्यात क्लोरीन पडले की ट्रायहॅलोमिथेन ही क्लोरीनची नकोशी उपउत्पादने तयार होतात, त्यात क्लोरोफॉर्म सहसा सर्वांत जास्त. रॉटरडॅमच्या पाण्यात योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिले. पण म्हणून क्लोरीन बंद करू नका. कॉलरा काही दिवसांत, कावीळ काही आठवड्यांत गाठते. या रसायनांचा धोका वर्षानुवर्षे पिण्याचा आहे.

आधी गाळ, मग क्लोरीन. गावात तलावाचे पाणी थेट टाकीत चढवून वर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात, तिथेच चूक होते. पहिल्या पावसानंतर पाणी चहासारखे दिसते तेव्हा तर हे हमखास टाळा. हंड्यात तुरटीचा खडा काही वेळा फिरवा, पाणी काही तास स्थिर ठेवा, तळाचा गाळ न ढवळता वरचे पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळा. मगच क्लोरीन. अर्ध्या तासाने जलसुरक्षकाकडून (गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणारा कर्मचारी) ओटी टेस्ट, म्हणजे शिल्लक क्लोरीनची चाचणी, करून घ्या, लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले की पुरे. वास झोंबेपर्यंत पावडर ओतण्यात काही फायदा नाही.

शहरात, मुंबईसारख्या तलावांवर जगणाऱ्या शहरातही, गाळण्याचे काम शुद्धीकरण केंद्र करते. घरी उरते ते एवढेच: पाणी झाकण न ठेवता खळखळ उकळा आणि खिडकी उघडी ठेवा, कारण क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडतो. हॅलोअॅसेटिक आम्ले, म्हणजे क्लोरीनचीच दुसरी उपउत्पादने, मात्र अशी सगळी जात नाहीत. उकळल्यावर क्लोरीनही उरत नाही, तेव्हा ते पाणी झाकून ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

फिल्टर घेताना अॅक्टिव्हेटेड कार्बन आहे का ते विचारा. नुसत्या यूव्हीने जंतू मरतात, क्लोरोफॉर्म तसाच राहतो. कार्बनचे काडतूस मुदतीत बदला. जुने झाले की ते काही धरत नाही, उलट त्यात जंतू वाढतात.

शंका असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करा. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. नमुना उन्हाळ्यात आणि वाहिनीच्या शेवटच्या नळाचा घ्या, कारण उष्णता व वेळ दोन्हींमुळे ही द्रव्ये वाढतात. प्रयोगशाळेने दिलेली काचेची बाटली काठोकाठ भरा. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर क्लोरोफॉर्म त्यात निसटतो आणि आकडा खोटा कमी येतो.