जुने छायाचित्र वाचावे कसे

माळ्यावरच्या ट्रंकेतून जुना फोटो निघाला, की घरातले सगळे आधी चेहऱ्यांकडे पाहतात आणि ‘हे कोण’ यावर वाद सुरू होतो. त्या फोटोतून त्या काळचा समाज समजून घ्यायचा असेल, तर चेहरे शेवटी पाहावेत. प्रथम हात धुऊन कोरडे करावेत, फोटो कडांना धरावा आणि उलटा करावा. मागे स्टुडिओचा शिक्का, पत्ता किंवा मोडीतली एखादी ओळ असल्यास ती चुकांसकट वहीत उतरवून घ्यावी. अल्बमला चिकटलेला फोटो मात्र मागची बाजू पाहण्याच्या हौसेने ओढून काढू नये.

मग भिंग घेऊन कागद तपासावा. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ, तपकिरी छटेचा कागद असून त्याचे तंतू दिसत असतील, तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रकारचा, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद असतो. ही पद्धत १८५० मध्ये निघाली आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत चालली. तंतू दिसत नसतील आणि तिरक्या उजेडात गडद भागांवर रुपेरी झाक येत असेल, तर फोटो जिलेटिनच्या कागदावरचा, म्हणजे साधारणतः १८९० नंतरचा समजावा.

रंगांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत, आणि तिच्यावर निळा प्रकाश चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. त्यामुळे निळे वस्त्र फिकट, तर तांबडे आणि पिवळे गडद दिसते. आमच्या घरातील एका खापरपणजीला, फोटोत साडी पांढरी दिसते म्हणून, दोन पिढ्या विधवा समजत आल्या होत्या. भिंगाखाली तिच्या कपाळावर काळा ठिपका दिसला. ते कुंकू होते, आणि साडी निळीही असू शकते, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. शिवाय त्या पिढीत अनेक ब्राह्मण घरांतील विधवा लाल आलवण नेसत, आणि ते फोटोत काळपटच आले असते.

पार्श्वभूमीवरही विसंबू नये. रंगवलेला पडदा, कुंडी, नक्षीची खुर्ची, हातातले पुस्तक हे सारे स्टुडिओचे सामान असू शकते. विल्यम जॉन्सन याने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतील माणसे स्टुडिओत टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागची दृश्ये वेगळी जोडलेली आहेत. त्याउलट पायांतले जोडे, दंडावरचा वापराने ढिला झालेला दागिना, मान स्थिर राहावी म्हणून मागे लावलेल्या टेकणीचा पायांआड दिसणारा बूड, यांकडे फोटोग्राफरचे फारसे लक्ष नसे, म्हणून ते अधिक खरे बोलतात.

रस्त्याचा फोटो असेल, तर काळाच्या दोन कडा शोधाव्यात: कशानंतरचा आणि कशाआधीचा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची १९०७ मध्ये आली, म्हणून ट्रामवर तारा दिसल्या की पहिली कड मिळाली. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल आहे, पण गेटवे पुरा झालेला नाही, असे दृश्य १९०३ ते १९२४ च्या दरम्यानचे ठरते.

मथळ्याचा काळ आणि फोटोचा काळ वेगवेगळा नोंदवावा. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांचा आपापल्या देशी वेशातला प्रसिद्ध फोटो १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला आहे. त्याच्या प्रचलित प्रतीवर तिघींच्या नावांआधी ‘डॉक्टर’ छापलेले आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये आणि ओकामींना १८८९ मध्ये. आनंदीबाई तर फेब्रुवारी १८८७ मध्येच वारल्या. म्हणजे तो मथळा लिहिला गेला, तेव्हा आनंदीबाईंना जाऊन किमान दोन वर्षे झाली होती.

एवढे झाल्यावर माणसांकडे वळावे. खुर्चीवर कोण, जमिनीवर कोण, पदर डोक्यावर आहे की खांद्यावर, पगडीशेजारी गांधी टोपी कोणाची, हे पाहावे. कडेला अर्धवट कापला गेलेला गडीमाणूस असेल, तर त्याचे नाव घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला आवर्जून विचारावे, कारण ते मागे कोणी लिहिलेले नसते.

शेवटी फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करावा, लॅमिनेट करू नये, सेलोटेप लावू नये. आपला अंदाज कारणासह, ‘ट्रामच्या तारांवरून १९०७ नंतर’ अशा स्वरूपात, वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवावा. मागेच लिहायचे असेल, तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात आणि हलक्या हाताने.