बातमीतला 'चार्ज' दरवेळी आरोप नसतो, या चुका टाळा

वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी म्हणजे बातमीचा मजकूर भाषांतराला आला आणि त्यात 'चार्ज' दिसला की लगेच 'आरोप' टाईप करून पुढे जायचं, ही डेस्कवरची सवय आधी मोडा, कारण हा शब्द पोलीस ठाण्यात एक सांगतो, कोर्टात दुसरंच आणि मंत्रालयात तर तिसरंच.

सगळ्यात वाईट घोळ होतो तो क्राईमच्या बातमीत. आपल्याकडे आधी एफआयआर होतो म्हणजे गुन्हा दाखल होतो, मग तपास, मग पोलीस कोर्टात चार्जशीट म्हणजे दोषारोपपत्र देतात, आणि त्यानंतर कोर्ट कागद बघून ठरवतं की खटला चालवण्यासारखं काही आहे का, असेल तर आरोप निश्चित होतात. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी हा जुना फौजदारी प्रक्रियेचा कायदा जाऊन बीएनएसएस हा नवा आला तरी हे टप्पे तेच आहेत. आता कॉपीत नुसतं 'चार्ज्ड अंडर सेक्शन अमुक' असतं, बऱ्याचदा तो फक्त एफआयआर असतो, आणि आपण लिहितो 'आरोप निश्चित'. वाचणाऱ्याला वाटतं कोर्टाने शिक्का मारला, आणि ज्याच्यावर कालच गुन्हा दाखल झालाय त्याच्या घरच्यांना गावात तोंड दाखवणं मुश्कील होतं. हे खरंच टाळा.

शिवाय पुढची बातमीही फसते. आरोपी कोठडीत असताना वेळेत चार्जशीट आली नाही (गंभीर गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०) तर त्याला जामीन मागायचा हक्क मिळतो. तुम्ही आधीच 'दोषारोपपत्र दाखल' छापून बसला असाल तर मग हा सुटला कसा, हे वाचकाला कळणारच नाही.

'डिस्चार्ज' तर अजून फसवा. आरोप निश्चित व्हायच्या आधीच कोर्टाने सोडलं तर ते दोषमुक्त, पूर्ण खटला चालून सुटला तर निर्दोष मुक्तता, दोन्हीला सरसकट 'निर्दोष' लिहू नका. दवाखान्यातला डिस्चार्ज सगळ्यांना कळतो, पण धरणाच्या बातमीत क्युसेकचा आकडा असेल तर तो विसर्ग.

ब्रिटनच्या बातम्यांत 'रिलीज्ड विदाऊट चार्ज' असतं, भाषांतराच्या मशीनला टाकलं की त्याचं 'विनामूल्य सुटका' होऊ शकतं. अर्थ एवढाच की अटक झाली होती पण आरोप न ठेवता सोडून दिलं. तिकडे 'चार्ज्ड विथ मर्डर' असेल तर मात्र खुनाचा आरोप ठेवला हेच बरोबर, कारण तिथे पोलीस किंवा सरकारी वकिलांनी 'चार्ज' करणं हा रीतसर टप्पा आहे.

बाकीचे सोपे आहेत. अधिकाऱ्याने 'चार्ज' घेतला तर पदभार स्वीकारला, 'ॲडिशनल चार्ज' म्हणजे अतिरिक्त कार्यभार, 'इनचार्ज' प्राचार्य म्हणजे प्रभारी, आंदोलनात लाठीमार, बँकेच्या बातमीत शुल्क. वीजवाहिनी 'चार्ज' केली म्हणजे तिच्यात वीजप्रवाह सोडला, आणि ही बातमी लोकांच्या जिवाशी संबंधित असते, नवीन लाईनखाली जाऊ नका हे त्यांना स्पष्ट कळायला हवं, तिथे 'चार्जिंग पूर्ण' असलं काही नको.

अडलात तर वाक्यातला कर्ता शोधा, चार्ज कोणी केला, पोलिसांनी, कोर्टाने की कंपनीने. कॉपीत कर्ताच नसेल तर अंदाज बांधू नका, कोर्ट बघणाऱ्या रिपोर्टरला फोन करून सरळ विचारा, 'चार्जशीट गेली का, की अजून एफआयआरच आहे?' आणि उत्तर मिळेपर्यंत 'गुन्हा दाखल' यापुढे जाऊ नका.