गार हवेतलं ऊन पण भाजतं : कातडी कशी सांभाळायची

आपल्या बेळगावला हवा गार, वारं सुटलेलं असतं, म्हणून ऊन लागत नाही असं धरून चालतात लोक, आणि तिथंच फसगत होते. कातडीला नासवतात ती उन्हातली यूव्ही (अतिनील, डोळ्यांना न दिसणारी) किरणं, गरमी नव्हे, आणि ती गार वाऱ्यात पण तेवढीच येतात. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर, आणि मे च्या सुरुवातीला नि परत ऑगस्टमध्ये सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर. ऑगस्टात ढग असतात म्हणून कोण मनावर घेत नाही, पण पातळ ढगातून बरीच किरणं खाली येतात आणि मधेच उघडीप पडली की मग बघायलाच नको.

मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे ही किरणं किती कडक आहेत त्याचा आकडा असतो, तो बघा. ३ झाला की अंग झाकायला लागायचं, ८ च्या वर गेला की दुपारी शक्यतो बाहेर नको, एप्रिल-मेत आपल्याकडं तो ११ च्या वर सहज जातो. ॲप नसेल तर आपली सावली बघा, आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन कडक समजायचं. साधारण दहा ते चार. भांगलण, ऊसतोड, रताळी काढणं हे सकाळी लवकर सुरू करून दुपारी सावलीला बसता आलं तर उत्तम, पण मुकादम ऐकणार नाही हे मला पण माहीत आहे, तेव्हा कपड्याचं बघू.

माझं मत विचाराल तर सनस्क्रीन, म्हणजे ऊन अडवणारं क्रीम नंतर, शर्ट आधी. शेतात बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात ना, बटणं लावून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, त्याला तोड नाही. फक्त कापड दाट पाहिजे, उजेडासमोर धरून बघा, आरपार दिसत असेल तर किरणं पण आत येणार, आणि घामानं भिजलेला पातळ पांढरा शर्ट तर जवळजवळ नसल्यासारखाच. गांधी टोपीनं टक्कल झाकतं पण कान आणि मानेची मागची बाजू उघडीच राहते, म्हणून टॉवेल असा घ्यायचा की कान झाकून मानेवर लोंबला पाहिजे. गाडीवरून खानापूर, निपाणी करणाऱ्यांनी हातमोजे आणि सनकोट घाला, पोरीच घालतात म्हणून लाजू नका. कारमध्ये काच लावली म्हणजे सुटलो असं पण नाही, बाजूच्या काचेतून यूव्हीए, म्हणजे यूव्हीतला कातडीत खोल जाणारा प्रकार, बरंचसं आत येतं.

क्रीम घेताना एसपीएफ (भाजण्यापासून किती वाचवतं त्याचा डबीवरचा आकडा) ३० पुरे, ते भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८, म्हणजे महागाचं घेऊन लई फरक पडत नाही. ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं, असं लिहिलेलं मात्र बघून घ्या. खरी गडबड लावण्यात होते, हरभऱ्याएवढं घेऊन तोंडभर पुसतात. दोन बोटांवर लांबीभर दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी परत, घाम पुसला की लगेच परत. कानाच्या पाळ्या आणि खालचा ओठ विसरू नका. खोबरेल, हळद, बेसन हे सनस्क्रीन नव्हे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम नको, सावलीत ठेवा.

आता कोण म्हणेल आम्ही सावळे, आम्हाला कुठला स्किन कॅन्सर. मेलॅनिनमुळं, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्यामुळं, गोऱ्यांपेक्षा आपल्याला धोका बराच कमी, हे खरं. पण जन्मतःच कातडी आणि केस पांढरे असलेल्यांना तो फार मोठा, त्यांनी वरचं सगळं रोज, ढग असले तरी, पाळायलाच पाहिजे. कोडाच्या डागांना पण ऊन लगेच भाजतं, ते झाकून ठेवा. आणि आपल्यात स्किन कॅन्सर होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली, नाहीतर जुन्या भाजल्याच्या व्रणावर होतो, ज्याच्याशी उन्हाचा फारसा संबंध नसतो, म्हणून टॉवेल-क्रीम करून भागत नाही, बघावं पण लागतं. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर पाय उलटे करून बघा, म्हाताऱ्यांचे घरातल्या कोणीतरी बघा. तीळ वेडावाकडा वाढायला लागला, रंग दोन-तीन झाले, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा झाला, नखात काळी रेघ येऊन रुंद व्हायला लागली, किंवा भाजलेल्या जुन्या जागेवरची जखम महिनाभर भरतच नाही, तर स्किनच्या डॉक्टरकडं जायचं. चप्पल लागली असेल म्हणून कुरूप समजून ब्लेडनं कापत बसू नका.

डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणून घरचे अडवतील, तसं काही नसतं, उलट लवकर सापडला तर बहुतेक वेळा छोट्या ऑपरेशनवर भागतं. जाताना त्या जागेवर मलम, चुना, पाला काही लावून जाऊ नका, डाग आहे तसा दिसला पाहिजे.