सूत्रकृमी वासाकडे जात नाहीत? आधी या चुका टाळा

किडे वासाकडे जातात का हे बघायचा प्रयोग फसला की पोरं पहिलं काय बोलतात तर "मॅडम, किडे जाऊनच नाही राहिले, हे किडेच खराब हायेत." मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला झूलॉजी शिकवते, आमच्याकडे सी. एलेगन्सच्या प्लेटा आहेत, म्हणजे एक मिलिमीटरचा पारदर्शक सूत्रकृमी, आम्ही त्याला किडाच म्हणतो, अख्ख्या अंगात ३०२ न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी. आणि मी खात्रीनं सांगते, किडा खराब असणं हे सगळ्यात शेवटचं कारण. तासाभरापूर्वी आपण त्याला कुठं ठेवलं होतं ते आधी आठवा.

मागच्या हिवाळ्यातलं सांगते. पोरांनी किडे धुतले, त्यांचं जेवण असलेले बॅक्टेरिया काढले, साध्या आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या प्लेटवर ठेवले आणि लाईट गेली. मग काय, ती प्लेट थर्माकोलच्या डब्यात टाकली, त्याच डब्यात आयसोअमाइल अल्कोहोलचे, म्हणजे प्रयोगातल्या वासाचेच थेंब टाकलेल्या प्लेटा आधीच होत्या. दीड तासानं डबा उघडला तर आंबलेल्या फळासारखा वास नाकात गेला, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. प्रयोग लावला, एका बाजूला वास, दुसऱ्या बाजूला नुसतं इथेनॉल, आणि किडे ज्वारी फेकल्यासारखे सगळीकडे पसरलेले.

हीच सगळ्यात मोठी चूक, प्रयोगाच्या आधीच वास देऊन ठेवणं. हा वास एडब्ल्यूसी नावाचे दोन न्यूरॉन घेतात. पोरांना वाटतं वास आला की ते चालू होतात, पण उलट आहे, वास आला की ते शांत होतात आणि वास कमी झाला की जागे होतात, मग किडा वळतो आणि दिशा बदलतो. आत सीजीएमपी नावाचा छोटा रेणू असतो, ग्वानिलेट सायक्लेज एन्झाइम तो बनवतं आणि त्याच्यावर न्यूरॉनच्या आयन-वाहिन्या, म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारी दारं, उघडतात. वास तासभर येतच राहिला आणि खायला काही नाही, तर ईजीएल-४ नावाचं दुसरं एन्झाइम न्यूरॉनच्या केंद्रकात शिरतं आणि त्या वासाला मिळणारा प्रतिसाद बऱ्याच वेळासाठी खाली येतो. या वासाजवळ जेवण नाही हे किडा शिकला, त्याची चूक कुठे आहे यात?

खात्री कशी करायची? त्याच किड्यांना डायअसिटिल द्या, लोण्यासारखा वास असतो, तो एडब्ल्यूए या वेगळ्या न्यूरॉनकडे जातो. आमचे किडे तिकडे सरळ गेले, म्हणजे किडे ठणठणीत. मग त्यांना बॅक्टेरियाच्या प्लेटवर सोडा, काही तास खाऊ द्या आणि वासाच्या प्लेटा दुसऱ्या खोलीत ठेवा, दुसऱ्या डब्यात ठेवून भागत नाही.

दुसरं म्हणजे जास्त वास म्हणजे जास्त किडे असं नाही. आयसोअमाइल अल्कोहोल इथेनॉलमध्ये शंभरपट पातळ करून एक मायक्रोलिटर पुरतं, पातळ न करता थेंब टाकला तर किडे उलटे पळतात.

मोजायची गडबडही होते. किड्यांची ओढ किती ते काढायला वासाकडचे वजा इथेनॉलकडचे, भागिले एकूण, असं करायचं. १०० पैकी ७० वासाकडे, २० इथेनॉलकडे, १० मधे, तर ०.५. मोठ्या लॅबमध्ये पोचलेले किडे तिथंच थांबावेत म्हणून सोडियम अझाइड टाकतात, पण ते जहाल विष आहे, मी पोरांच्या हातात देत नाही, त्याऐवजी लवकर मोजते, नाहीतर पोचलेले किडे परत फिरायला लागतात. आणि प्लेट ओली नको, पाण्यात किडा पोहतो, सरपटत नाही.

आपल्याकडचा खरा वैरी ऊन. यांना २० अंश मानवतं, २५ च्या वर त्रास सुरू होतो, २७ च्या पुढे पिल्लं होणं बंद पडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. म्हणून मी हे प्रयोग नोव्हेंबर ते जानेवारीतच घेते. त्यातही प्लेटा रोज एकाच तापमानाला ठेवा, कारण एएफडी नावाचा न्यूरॉन, तोही ग्वानिलेट सायक्लेजवरच चालतो, जिथं जेवण मिळालं ते तापमान लक्षात ठेवतो.

अजून एक, सडक्या संत्र्यांच्या ढिगातून पोरं किडे आणतात, हौस चांगली आहे, पण तो सी. एलेगन्सच असेल असं धरून चालू नका. संत्र्याच्या मुळांवरचा सूत्रकृमी तर पूर्ण वेगळा, त्याच्या तोंडात सुई असते, मुळात खुपसून रस पितो, आपल्या बॅक्टेरियाच्या प्लेटवर तो उपाशी मरतो.