बोया दिसला म्हणून निर्धास्त राहू नका : या चुका टाळा

बोया म्हणजे जहाजांना वाट किंवा धोका दाखवणारी तरंगती खूण. चार्टवरचा, म्हणजे सागरी नकाशावरचा बोया छापलेला असतो, समुद्रातला साखळीने बांधलेला. साखळीला ढील असते, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर तो घेर घेतो. पावसाळ्यात लाटांच्या माऱ्याने त्याचं तळातलं वजन सरकतं किंवा साखळीच तुटते. म्हणून नुसत्या बोयावरून जहाजाची जागा ठरवू नका. मुंबईत शिरताना प्रॉन्ग्स रीफच्या दीपगृहाचं बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा), रडारवरचं अंतर आणि इको साउंडरने (ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राने) दाखवलेली खोली आधी जुळवा, मग बोयाकडे बघा. रात्री बोयाच्या दिव्याची लुकलुकण्याची लय स्टॉपवॉच लावून मोजा. 'तोच असेल' हे मोजमाप नव्हे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तात्पुरत्या बदलांत. डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस दर पंधरवड्याला 'नोटिसेस टू मरिनर्स', म्हणजे चार्टमधल्या बदलांच्या सूचना काढतं. कागदी चार्टवर कायमची दुरुस्ती जांभळ्या शाईने करतात, तात्पुरती पेन्सिलने. ही पेन्सिल एक तर उचललीच जात नाही, नाहीतर नोटीस रद्द झाल्यावरही खोडली जात नाही. एक्डिस, म्हणजे पडद्यावरचा इलेक्ट्रॉनिक चार्ट वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. अपडेट भरला, पडद्यावर सगळं ठीक दिसलं, तरी प्रत्येक देशाच्या इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये तात्पुरत्या नोटिसा असतीलच असं नाही. त्या वेगळ्या वाचून हाताने टाकाव्या लागतात. आणि नोटीस निघायच्या आधीची बातमी येते नॅव्हटेक्सवर, म्हणजे रेडिओने आलेले इशारे छापणाऱ्या यंत्रावर. तो कागद फाडायचा, सही ठोकायची आणि फाइलला लावायचा, ही तर ब्रिजवरची (जहाज चालवतात त्या कक्षातली) जुनीच खोड!

'चार्टवर नाही, म्हणजे काही नसेल' हा समज किती महागात पडतो ते 'ट्रायकलर'ने दाखवलं. गाड्या वाहणारं हे जहाज १४ डिसेंबर २००२ रोजी इंग्लिश खाडीत 'कारिबा'शी टक्कर होऊन बुडालं. रेडिओवर इशारे सुरू असतानाही दोनच दिवसांत 'निकोला' त्याच सांगाड्यावर चढलं आणि १ जानेवारी २००३ ला 'विकी' हा टँकरही. त्यानंतर २००६ मध्ये ताज्या बुडीत जहाजासाठी खास बोया ठरला : उभे निळे-पिवळे पट्टे, निळा-पिवळा आलटून पालटून लुकलुकणारा दिवा. तो दिसला की चार्टवर खूण शोधत बसू नका, आधी लांबून वळसा घ्या.

बोयाच्या रंगांवरही निर्धास्त राहू नका. आपल्याकडे बंदरात शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. जपान, कोरिया, फिलिपिन्स आणि अमेरिका खंडांत उलट. आकार मात्र बदलत नाही : डावीकडे डबा, उजवीकडे शंकू. पहिल्याच फेरीला पायलट (बंदराचा वाटाड्या) येण्याआधी हे ब्रिजवर मोठ्याने बोलून घ्यावं.

एआयएसवर (जहाजं आणि खुणांचे रेडिओ सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रणेवर) खूण आहे पण दुर्बिणीत काहीच नाही? ती आभासी खूण असू शकते. तिथे बोया नसतोच, फक्त सिग्नल असतो. पडद्यावर ती खूण निवडून तपशील बघा.

जागेवरून हललेला किंवा विझलेला बोया दिसला, तर व्हीएचएफ रेडिओवर बंदराच्या व्हीटीएसला (जहाज वाहतूक नियंत्रण केंद्राला) लगेच वेळ आणि जागा कळवा. 'मागचं जहाज सांगेल' म्हणत पुढे गेलात, तर मागच्या जहाजावरही तेच म्हणणारा कोणी तरी असतो.